‘निवड झाली’ असं पत्र आलंय, अमेरिकेला पाठवायचं का?

मुलगी नाशिकची, राज्य मंडळाच्या दहावीतली. घरी ई-मेल आला: अमेरिकेतल्या एका नामांकित विद्यापीठाच्या आवारात होणाऱ्या दोन आठवड्यांच्या उन्हाळी निवासी कार्यक्रमासाठी तिची ‘निवड’ झाली आहे. फी 6,000 डॉलर, अनामत आठवड्याभरात भरायची. वडील मुदत ठेव मोडायला तयार होते. आईचा प्रश्न वेगळा होता: “नाही पाठवलं तर बारावीनंतर अ‍ॅडमिशनला ही मागे पडेल का?” (असा प्रश्न घेऊन येणाऱ्या अनेक कुटुंबांचे तपशील या एका हकिकतीत एकत्र केले आहेत.)

मागे पडणार नाही. ‘आमच्या उन्हाळी कार्यक्रमाला आलात म्हणून पदवीच्या प्रवेशात झुकतं माप मिळणार नाही’, हे बरीच विद्यापीठं स्वतःच सांगतात. वजन पडतं ते जिथे जागा मिळवणंच अवघड असतं तिथे. एमआयटीत होणाऱ्या आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट) या शाळकरी मुलांच्या संशोधन कार्यक्रमाला शिकण्याची फीच नाही. 1957 साली सुरू झालेला रॉस आणि बोस्टन विद्यापीठातला प्रॉमिस हे गणिताचे कार्यक्रम घरी सोडवायची अवघड गणितं देतात आणि उत्तरांमागचा विचार बघून मुलं घेतात. हे तिन्ही साधारण सहा आठवड्यांचे असतात.

या मुलीने मुळात अर्जच केला नव्हता, मग निवड कशाची? खऱ्या निवडीत गुणपत्रक, शिक्षकांचं शिफारसपत्र आणि विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध मागतात. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात वाक्य होतं: या कार्यक्रमाचा विद्यापीठाशी संबंध नाही. उन्हाळ्यात वसतिगृहं रिकामी असतात, विद्यापीठं ती भाड्याने देतात आणि खासगी कंपन्या तिथे वर्ग भरवतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण आपण पैसे मोजतो ते विद्यापीठाच्या नावाचे. म्हणून तीन गोष्टी तपासायच्या: विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर कार्यक्रमाचं नाव आहे का, बँकेतून पैसे पाठवताना खातं कुणाच्या नावाचं आहे, आणि प्रमाणपत्रावर कुणाची सही असणार.

“म्हणजे जाऊच नये का?” असं मुलीने विचारलं. तिला मेंदूविज्ञान शिकून बघायचं होतं, घराबाहेर राहून बघायचं होतं. जायला ही दोन्ही कारणं चांगली आहेत. फक्त त्यांची किंमत किती, हे घराने ठरवायचं. डॉलर 88 रुपये धरला तर नुसती फी 5 लाख 28 हजार. वर विमान, व्हिसा, विमा, हातखर्च. सात लाखांच्या खाली क्वचितच भागतं. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की एप्रिल-मे मोकळेच असतात. त्या काळात याच विषयाचा एखादा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम शेवटपर्यंत पूर्ण होतो का, हे आधी बघायला सांगितलं.

दहावीचं वर्ष तसंही अडचणीचं. चांगल्या कार्यक्रमांचे अर्ज साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे ऐन बोर्डाच्या तोंडावर येतात. निकालानंतर अकरावीच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्या चालू असतात. ठरलेल्या तारखेला कॉलेजात प्रवेश निश्चित केला नाही तर मिळालेली जागा जाते, आणि तेव्हा मुलगी बोस्टनला! अकरावीनंतरचा उन्हाळा बरा, मात्र बारावीचा क्लास किती बुडेल ते आधी मोजावं.

व्हिसाची गोम आठवड्याच्या तासांत आहे. 18 तास किंवा जास्त वर्ग असले, किंवा क्रेडिट (पदवीत धरले जाणारे गुणांक) मिळत असलं, तर एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसा लागतो. त्यासाठी विद्यापीठाकडून आय-20 हा प्रवेशाचा अधिकृत फॉर्म यावा लागतो आणि व्हिसा शुल्काखेरीज 350 डॉलर सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) भरावी लागते. विनाक्रेडिट, कमी तासांच्या कार्यक्रमाला बी-2 म्हणजे पर्यटक व्हिसा चालू शकतो. कुठला ते विद्यापीठाकडून लेखी घ्यावं. मुंबईत मुलाखतीची तारीख लांब मिळाली तर सगळंच अडतं. म्हणून व्हिसा नाकारला गेल्यास फी परत मिळते का, हे अनामत भरण्याआधी वाचायचं.

सगळ्यात जास्त घरं अडकतात ती आरोग्याच्या फॉर्मवर. गोवर-गालगुंड-रुबेला लशीचे दोन डोस लागतात. आपल्याकडच्या जुन्या कार्डावर कधी नुसती गोवराची लस असते. दोन डोसांत किमान 28 दिवसांचं अंतर हवं, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावून उपयोग नाही. कांजिण्या आणि मेनिंगोकॉकल (एक प्रकारचा मेंदूज्वर) यांच्या लशींचीही विचारणा होते. क्षयरोगाची चाचणी मागितली तर रक्ताची चालेल का ते विचारावं, कारण लहानपणी क्षयरोगाची बीसीजी लस टोचल्यामुळे त्वचेची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

त्या घराने अनामत भरली नाही. मुलीने पुढच्या जानेवारीत दोन अर्ज करायचं ठरवलं: एक अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या स्वतःच्या कार्यक्रमाला, दुसरा सोनिपतच्या अशोका विद्यापीठाच्या यंग स्कॉलर्स प्रोग्रॅमला. अमेरिकेच्या अर्जासोबत आर्थिक मदतीचा फॉर्म त्याच दिवशी भरायचा आहे, कारण जागा मिळाल्यावर मदत मागितली तर बहुतेक ठिकाणी निधी संपलेला असतो.