रशियात एमबीबीएस इंग्रजीतून आहे, मग पहिल्या वर्षी रशियन मन लावून शिकायची गरज आहे का?

हो, आहे, आणि पहिल्याच सेमिस्टरपासून. मी कझानला शिकलो. लेक्चर इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे आमच्यातले बरेच जण रशियनच्या तासाला अटेंडन्सपुरते बसायचे, आधी अ‍ॅनाटॉमी होऊ दे म्हणायचे. पण तिसऱ्या वर्षी वॉर्डात गेलात की समोरचा पेशंट इंग्रजी बोलत नाही.

रशियनमध्ये ३३ अक्षरं आहेत, आठवड्याभरात होतात. इंग्रजी पी दिसतो तो र, एच म्हणजे न, सी म्हणजे स, त्यामुळे पाटीवर तुम्ही 'पेक्टोपाह' वाचाल आणि ते असतं 'रेस्तोरान'. कझानला पाट्या तिथल्या स्थानिक तातार भाषेतही असतात आणि तातारमध्ये सहा अक्षरं जास्तीची आहेत, म्हणून पुस्तकात नसलेलं अक्षर दिसलं तर गोंधळू नका. खरा त्रास हाताने लिहिलेल्या अक्षराचा होतो, त्यात त दिसतो एमसारखा आणि द दिसतो जीसारखा, आणि बाई फळ्यावर तसंच जोडून लिहितात. दुकानात 'प्रोपिसी' नावाची कित्त्याची वही मिळते, ती घ्या आणि रोज एक पान गिरवा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: रशियन इंग्रजीतून समजून घेऊ नका, मराठीतून घ्या. आमच्या पुस्तकात 'आय लाइक'ला 'म्न्ये न्रावित्सा' का म्हणतात यावर अख्खं पान होतं, आणि ते सरळ 'मला आवडतं' आहे, मला ची चतुर्थी सुद्धा तीच. मुलगा म्हणतो 'या प्रिशोल', मुलगी म्हणते 'या प्रिशला', म्हणजे मी आलो, मी आले. नपुंसकलिंग आपल्याला घरचंच, वर्गातल्या हिंदीवाल्या मित्रांना ते नव्याने शिकावं लागलं. चमच्यातला पहिला च (त्स) त्यांच्याकडे वेगळं अक्षर आहे. दाराला 'द्व्येर', दिराला 'द्येविर', सुनेला 'स्नखा' (आपली संस्कृतातली स्नुषा). बाईंना मॅडम म्हणत नाहीत, नाव आणि त्यापुढे वडिलांचं नाव, वडील इवान असतील तर इवानोव्ना, आपण मधे वडिलांचं नाव लावतो तसंच.

जड जातं ते वेगळंच. विभक्ती सहाच, पण नामाबरोबर विशेषणाचाही शेवट प्रत्येक वेळी बदलतो, त्याला पाठांतराशिवाय इलाज नाही. आणि लिहितात 'खोरोशो', म्हणतात 'खराशो', कारण जोर नसलेल्या ओ चा अ होतो, म्हणून शब्द पाठ करताना जोर कुठे आहे ते पण सोबतच पाठ करा, नंतर सुधारत नाही.

तिसऱ्या वर्षी वॉर्डात एक आजी होत्या. मी विचारलं, 'ग्द्ये बालीत?' म्हणजे कुठे दुखतंय. त्यांनी मूठ छातीच्या मधोमध ठेवली आणि म्हणाल्या, 'दावित.' दुखतंय नाही म्हणाल्या, दाबल्यासारखं होतंय म्हणाल्या. टोचत असेल तर 'कोलित' म्हणतात, जळजळत असेल तर 'झ्झोत', बारीक दुखत राहिलं तर 'नोयित'. आपल्याकडे पण पेशंट ठणकतंय, चमकतंय, ठसठसतंय असं सांगतो ना, आणि छातीत टोचणं आणि छातीवर दाब येणं यात डॉक्टरसाठी केवढा फरक आहे. मी लगेच सरांना बोलावलं आणि ईसीजी काढला. 'दावित' हा शब्द मला क्लासमध्ये नाही, पहिल्या वर्षी होस्टेलच्या दारावर बसणाऱ्या मावशींकडून कळला होता, त्यांचं बीपी वाढलं की त्या तेच म्हणायच्या. त्यांच्याशी रोज जाता येता दोन मिनिटं बोलायचो, चुका करत, आणि त्या न कंटाळता प्रत्येक वाक्य दुरुस्त करून द्यायच्या. तुमच्याही होस्टेलच्या दारावर अशा कोणीतरी असतीलच, पहिल्या दिवसापासून बोलायला लागा.