शेजारी कोण बसेल?

"मॅडम, हा रात्री माझं बोट धरल्याशिवाय झोपत नाही. सात दिवस कसा राहील?" खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईनं विचारून टाकलं.

सुट्टी जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, थोड्याफार फरकाने याच शब्दांत. या वेळी मुलगा 10 वर्षांचा होता, एकुलता एक. निवासी उन्हाळी शिबिरात नाव घालून झालं होतं आणि आता आईचा धीर सुटत चालला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वडिलांचं मत सरळ होतं. "दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी विसरेल. आपण नाही का मोठे झालो?" यावर आईनं त्यांच्याकडे जे पाहिलं त्यावरून कळलं, की हा वाद घरी बऱ्याचदा झालेला आहे.

दोघांना बाहेर बसवून मी मुलाशी बोलले. तो बराच वेळ दप्तराची चेन उघडत-मिटत राहिला. रात्रीची भीती वाटते का, विचारलं. मान हलवून नाही म्हणाला. अंधाराची? नाही. मग काय? चेन थांबली.

"जेवताना माझ्या शेजारी कोण बसेल?"

गेल्या वर्षी त्याची शाळा बदलली होती. वर्गात जोड्या आधीच ठरलेल्या, हा एकटा पडला. मधल्या सुट्टीत डबा हळूहळू खायचा, म्हणजे एकटं बसल्यासारखं दिसत नाही, असं त्यानंच मला समजावून सांगितलं. आईला काळजी रात्रीची होती आणि मुलाला दुपारची. हे अंतर मला या कामात इतक्या वेळा दिसलंय, की आता पालकांची चिंता ऐकून घेते, लिहूनही घेते, पण ती मुलाचीही आहे असं गृहीत धरत नाही.

उठता उठता तो म्हणाला, "पण आई म्हणालीय, रडू आलं तर फोन कर, मी लगेच न्यायला येते."

हे वाक्य प्रेमातून येतं. तरीही मी पालकांना ते बोलू देत नाही. मुलाच्या कानावर त्यातून वेगळंच पडतं: तुला जमणार नाही, हे आईला आत्ताच माहीत आहे. मग पहिल्या हुंदक्यालाच परतीची वाट दिसू लागते आणि तिथे रुळायचा प्रयत्न सुरूच होत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2007 साली घरच्या आठवणीच्या त्रासावर डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी लिहिलेल्या त्या मार्गदर्शनातही न्यायला येण्याचा असा सौदा करू नका, असं सांगितलेलं आहे. मी मात्र हे वाचून शिकले नाही, चुकून शिकले. सुरुवातीच्या काळात एका मुलीबरोबर फोन द्यायचा सल्ला मीच दिला होता. ती रोज रात्री बोलायची, रोज रात्री रडायची आणि आधी शांत झोपणारी तिच्या खोलीतली बाकीची मुलंही रडायला लागायची.

घरची आठवण येणं हा आजार नाही. थर्बर यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निवासी शिबिरातल्या दर 100 मुलग्यांपैकी सुमारे 83 जणांनी निदान एक दिवस तरी घरची आठवण आल्याचं सांगितलं होतं. मी हा आकडा मुलांनाच सांगते. पालकांपेक्षा त्यांना त्याचा जास्त उपयोग होतो, कारण रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणाऱ्याला वाटत असतं, अख्ख्या शिबिरात रडणारा आपण एकटेच.

आईला मी दुसरं वाक्य दिलं: "आठवण येईल, मलाही येईल. आली की तिथल्या ताईला सांग." ते म्हणताना तिचा आवाज दोनदा अडकला. मग दोन रात्री आत्याकडे राहण्याचा सराव ठरला, मध्ये फोन नाही. शिबिराची जागा त्यानं आधी बघावी, बॅग स्वतः भरावी, चार पाकिटं-कागद बरोबर न्यावीत, असंही ठरवलं.

एक गोष्ट मात्र मी वेगळी काढून, मुलाला समोर बसवून सांगितली. आठवण आली म्हणून आई येणार नाही. पण कोणी अंगाला नको तसा हात लावला, मारलं, धमकावलं किंवा "हे घरी सांगायचं नाही" म्हटलं, तर त्याच क्षणी घरी फोन करायचा, आणि आई-बाबा रात्री दोन वाजताही निघतील. या दोन गोष्टींची सरमिसळ होता कामा नये. पालकांनीही रात्री मुलांजवळ कोण झोपतं, किती मुलांमागे एक मोठं माणूस असतं, तिथल्या माणसांची आधी चौकशी केलेली असते का, हे संकोच न करता विचारावं. उत्तर द्यायला का-कू करणाऱ्या शिबिरात मूल पाठवू नये.

वेळापत्रकही बघायला सांगितलं. सकाळपासून रात्रीपर्यंत स्पर्धा आणि बक्षिसं असलेली शिबिरं मला फारशी आवडत नाहीत. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं 1954 साली ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे 22 मुलग्यांचं शिबिर भरवून त्यांचे दोन गट पाडले आणि चढाओढी लावल्या. थोड्याच दिवसांत शिव्या, झेंडे जाळणं, मारामाऱ्या सुरू झाल्या. मग दोन्ही गटांना नुसतं एकत्र आणलं, तर जेवताना अन्नाची फेकाफेक झाली. पाण्याचा पुरवठा बंद पडला, अडलेला ट्रक दोराने ओढायची वेळ आली, अशी एकट्या गटाला न पेलणारी कामं पुढे आली तेव्हा कुठे वैर ओसरू लागलं. मुलांना न सांगता केलेल्या या प्रयोगाला आज कोणी परवानगी देणार नाही, आणि देऊही नये. पण शिबिर निवडताना मला तो आठवतो. दोस्ती जमायला मुलांना एकमेकांची गरज पडावी लागते. ज्या मुलाला शेजारी कोण बसेल याचा घोर लागलाय, त्याला धावण्याच्या शर्यतीतून काय मिळणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन. शिबिरातून कळवलं होतं, की आदल्या रात्री मुलगा खूप रडला. "मी गाडीत बसलेय. निघू?"

मी विचारलं, जेवतोय का? हो. झोपला का नंतर? हो, उशिरा. दिवसा इतर मुलांबरोबर असतो का? असतो म्हणाल्या, पाणी भरायला जातो. मग गाडीतून उतरा, म्हटलं. आठवणीचा कढ रिकाम्या वेळी येतो, झोपताना किंवा दुपारच्या विश्रांतीला, आणि हात कामात असले की ओसरतो. सलग दिवस अन्न जात नसतं, झोप नसती, दिवसाही तो कोपऱ्यात बसून राहिला असता, तर मीच जा म्हटलं असतं. तसं आणावं लागलं तरी ते अपयश नसतं. घरात नुकताच मृत्यू झालाय किंवा आई-वडील वेगळे होताहेत, अशा वेळी तर मी मुलांना पाठवूच नका म्हणते. याच सुट्टीत दोन घरांना तसं सांगितलंय.

पाचव्या दिवशी पत्र आलं. आईनं ते मला आणून दाखवलं, काहीशा तक्रारीच्या सुरात. अक्षर तिरकं, कोपऱ्याला चिखलाचा ठसा.

"आई, टॉर्चचे सेल संपले. इथे टाकी लांब आहे म्हणून आम्ही बादल्यांची रांग करतो. अकरा जण लागतात. मी सातवा. आठवा चष्मावाला आहे, त्याच्या बादलीतलं पाणी सांडतं."

"माझी आठवण येते असं एक अक्षर नाही," आई म्हणाली. मी त्या 'सातवा'वर बोट ठेवलं. जेवणाच्या पंगतीत हवी होती ती जागा त्याला बादल्यांच्या रांगेत मिळाली होती. सातवा नसेल तर सहाव्याची बादली तशीच राहणार, हे त्या दहा वर्षांच्या जिवाला कळलं होतं. मी तासाभराच्या बैठकीत त्याला "तू महत्त्वाचा आहेस" म्हणून दहादा सांगितलं असतं, तरी ते असं पोचलं नसतं.

परत आल्यावर काही जादू झाली नाही. पहिले दोन दिवस चिडचिड होती. शिबिरातली गाणी म्हणायला घरी कोणी नव्हतं, तेही एक प्रकारचं आठवण येणंच. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात तो पुन्हा एकटाच बसला. दुसऱ्या आठवड्यात मात्र वर्गातल्या एका नव्या मुलाजवळ जाऊन म्हणाला, "इथे बसू का?" हे मला त्यानं सांगितलं, आईला सांगितलं नव्हतं. चष्मावाल्याशी पत्रापत्री अजून चालू आहे, मधूनमधून.

शेवटच्या भेटीत त्यानं माझ्या टेबलाच्या पायाला तंबूच्या दोरीची गाठ मारून दाखवली. ताण दिल्यावर ती सुटली. मी उगीच "वा, छान" म्हटलं. "सुटली ना मॅडम," असं म्हणून तो पुन्हा खाली बसला. दारात उभी राहून आई हलक्या आवाजात सांगत होती, "आता एकटा झोपतो हो. मीच रात्री दोनदा उठून बघून येते."