'समस्थानिक'मधलं स्थान कुठलं?

प्रश्न असा आहे: "वालुकाश्मातल्या शिशाच्या साठ्याचे मूळ समस्थानिकांवरून शोधतात, असे वाचले. पण समस्थानिक म्हणजे तर एकाच स्थानचे! मग त्यांच्यावरून वेगवेगळी ठिकाणे कशी कळणार?"

शंका रास्त आहे. 'स्थानिक' म्हटलं की आपल्याला गाव नाहीतर निवडणूक आठवते. इथलं स्थान मात्र नकाशावरचं नाही, आवर्तसारणीतलं आहे. २०४, २०६, २०७ आणि २०८ वस्तुमानांकांची शिशाची चारही रूपं ८२ क्रमांकाच्या एकाच घरात बसतात, म्हणून ती समस्थानिके. मूळ शब्दही ग्रीकमधल्या 'सम' आणि 'स्थान' या अर्थांच्या शब्दांवरूनच घडला. फ्रेडरिक सॉडी यांना तो मार्गारेट टॉड या डॉक्टर-लेखिकेने सुचवला आणि १९१३ मध्ये छापून आला. मराठीने तो सरळ उतरवला, फक्त 'स्थानिक'चा रोजचा अर्थ आड आला.

घर एक असलं तरी कुळं वेगळी. शिसे-२०४ कशाच्याही किरणोत्सारी ऱ्हासातून वाढत नाही. २०६ आणि २०७ युरेनियमपासून तयार होत राहतात, २०८ थोरियमपासून. म्हणजे खडक जुना आणि युरेनियमवाला असेल, तर त्यातल्या शिशात २०६चा वाटा फुगलेला असतो. असं शिसं पाण्याबरोबर वाहून वालुकाश्माच्या छिद्रांत गॅलेना, म्हणजे शिसं-गंधकाचं खनिज, म्हणून बसलं, की तो वाटा तिथेच गोठतो, कारण गॅलेनात युरेनियम जवळपास शिरतच नाही. स्वीडनमधल्या लाइसवाल खाणीतल्या शिशाने असंच वालुकाश्माखालच्या पुरातन खडकांकडे बोट दाखवलं.

आता खरी गंमत. गॅलेनाच्या त्याच कणात गंधकही असतं, आणि त्याची साक्ष निराळी असू शकते. सल्फेटवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारांवर, जगणारे जिवाणू हलकं गंधक-३२ आधी उचलतात, त्यामुळे त्यांच्या हातून गेलेल्या गंधकात जड गंधक-३४ कमी भरतं. शिसं खालच्या ग्रॅनाइटचं, गंधक समुद्राच्या पाण्यातलं, असा एकाच दाण्याचा दुहेरी जन्मदाखला निघू शकतो.

म्हणून माझा आक्षेप 'समस्थानिक'पेक्षा प्रश्नातल्या 'मूळ' या शब्दावर जास्त आहे. 'साठ्याचे मूळ' म्हटलं की ते एकच असल्यासारखं वाटतं. मी 'शिशाचा स्रोत', 'गंधकाचा स्रोत' असं सुटं लिहीन, आणि सगळं मिळून साठा कसा बनला त्यासाठी 'उत्पत्ती' राखून ठेवीन.