मेकअपचा ब्रश गरगर फिरवणारं ते स्वस्त मशीन घ्यावं का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: बॅटरीवर चालणारं ते स्वस्तातलं ब्रश क्लीनर खरंच काम करतं का, आणि जाहिरातीत दाखवतात तसा ब्रश अर्ध्या मिनिटात धुऊन कोरडा होतो का. मी ते नेमाने वापरते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. ब्रशची दांडी मशीनच्या रबरी टोपीत बसवायची, बटण दाबलं की सोबतच्या वाडग्यातल्या शाम्पूच्या पाण्यात ब्रश गरगर फिरतो. ते मशीन धुण्यापेक्षा वाळवण्याच्या कामाचं जास्त आहे. धुण्यासाठी म्हणून घेतलंत तर हिरमोड होईल.

ब्रश पाण्यातून वर उचलायचा, पण वाडग्याच्या आतच ठेवून फिरवायचा. कपड्यांच्या मशीनमधल्या ड्रायरसारखंच पाणी बाहेर फेकलं जातं. आयशॅडोचे बारीक ब्रश जवळजवळ कोरडेच बाहेर येतात. जाड पावडर ब्रश मात्र फसवतो. वरून हाताला कोरडा लागतो, पण केस मुळाशी टिश्यूत दाबून बघा, ओल उमटते. असे दाट ब्रश फिरवल्यावरही रात्रभर वाळवावेच लागतात. आडवे ठेवा, केस टेबलाच्या कडेबाहेर राहू द्या. ओले ब्रश पेल्यात उभे ठेवलेत की उरलेलं पाणी दांडीकडे उतरतं.

आता धुण्याबद्दल. पावडर, ब्लश, आयशॅडो या गोष्टी केसांवर नुसत्या बसलेल्या असतात, त्या शाम्पूच्या पाण्यात फिरवल्या की निघतात. फाउंडेशन आणि कन्सीलरचं तसं नाही. त्यात तेल, मेण, सिलिकॉन असतं, आणि दिवसभर टिकणाऱ्या प्रकारांत तर पाण्याला दाद न देणारा थर तयार करणारे घटकच घातलेले असतात. मशीनमध्ये सगळे केस एकाच दिशेने एकत्र फिरतात, घासले फारसे जात नाहीत. मग पाणी गढूळ होतं, आपल्याला वाटतं झालं काम, आणि ब्रशच्या पोटात थर तसाच. अशा ब्रशला आधी कोरडा असतानाच थोडं क्लिन्झिंग ऑइल लावून तळहातावर गोल फिरवा. मग भांडी घासायच्या लिक्विडचा एखादा थेंब घेऊन सिलिकॉनच्या खरखरीत मॅटवर घासा. मशीन त्यानंतर, खळबळायला आणि पाणी झटकायला.

पाणी कोमट हवं, कढत नको, आणि ते केसांच्या वर जाता कामा नये. केस जिथे धातूच्या नळीत शिरतात, तिथे आत गोंद असतो. त्या नळीला फेरूल म्हणतात. गरम पाणी वारंवार तिथे गेलं की गोंद सुटतो, केस गळायला लागतात, लाकडी दांडी फुगून तिच्यावरचा रंग तडकतो. दांडीपासून डोकं डुगडुगायला लागलेले ब्रश बहुधा याच कारणाने गेलेले असतात. सौम्य शाम्पूचे दोन-चार थेंब पुरतात. जास्त घातलात तर फेस वाडग्याबाहेर.

आणि क्रम चुकवू नका. ब्रश पाण्यात बुडाल्यावर बटण दाबायचं, वाडग्याबाहेर काढण्याआधी बंद करायचं. नाहीतर आरसा, भिंत आणि तुम्ही, तिघांनाही आंघोळ. ब्रश तळाला टेकवून दाबूही नका, केस वाकतात. साबणाचं पाणी टाकून स्वच्छ पाण्यात परत फिरवायला लागतंच, आणि पाणी नितळ दिसेपर्यंत ते बदलत राहायला लागतं. अर्ध्या मिनिटाच्या हिशेबात हे कुणी धरत नाही.

सोबत वेगवेगळ्या मापांच्या रबरी टोप्या येतात. दांडी घट्ट बसेल तीच निवडा. सैल राहिली तर ब्रश थरथरतो आणि वाडग्यावर आपटतो. चपट्या किंवा तिकोनी दांडीचे ब्रश, आखूड बुडख्याचा, दाट केसांचा काबुकी ब्रश, पंख्याच्या आकाराचा ब्रश, स्पंज, हे सगळे हातानेच. खारीच्या केसांचे मऊ ब्रश मी यात कधीच घालत नाही. बकरीच्या केसांचे चालतात, पण स्वस्त मशीनला वेग बदलायची सोय बहुधा नसते, त्यामुळे केस पिंजारतात. ओले असतानाच बोटांनी आकार द्या, हवं तर जाळीची नळी चढवा. सिंथेटिक केसांना असला त्रास कमी.

हल्ली दुसराही एक प्रकार मिळतो, ज्यात ब्रश स्थिर राहतो आणि खालची खाचांची सिलिकॉनची वाटी फिरते. त्यात घासणं होतं, म्हणून फाउंडेशनच्या ब्रशला तो बरा, पण पाणी झटकून मिळत नाही.

धुतलेला ब्रश म्हणजे निर्जंतुक ब्रश नव्हे, हेही लक्षात असू द्या. एकाच वाडग्यातल्या मळक्या पाण्यात एकामागून एक ब्रश फिरवले तर घाण फक्त वाटली जाते. इतरांचा मेकअप करत असाल तर प्रत्येक ब्रशला नवं पाणी घ्या आणि वाळल्यावर केसांवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारा. नैसर्गिक केस त्याने रुक्ष होतात, तिथे हात आखडता घ्या. डोळे आले असतील तर बरे होईपर्यंत डोळ्यांचा मेकअप बंदच, आणि तेव्हा वापरात असलेला मस्कारा सरळ टाकून द्या.

किती दिवसांनी धुवायचे, तर अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजी ही त्वचारोगतज्ज्ञांची संघटना ७ ते १० दिवसांनी धुवा असं सांगते. क्रीम लावायच्या ब्रशला मी एवढीही सवलत देत नाही, विशेषतः चेहऱ्यावर मुरुमं येत असतील तर.

तुमच्याकडे डोळ्यांचे बारीक ब्रश भरपूर असतील आणि ते वाळायची वाट बघून कंटाळला असाल, तर खुशाल घ्या. फाउंडेशनचे दोन आणि पावडरचा एक एवढाच संसार असेल तर सिलिकॉनची मॅट घ्या, तीही स्वस्त असते आणि बिघडत नाही. मशीन घेतलंतच तर वापर झाल्यावर बॅटऱ्या काढून ठेवत जा. ओल्या हातांनी हाताळायची वस्तू, त्यात पडून राहिलेल्या बॅटऱ्या गळतात आणि आतल्या पट्ट्या गंजल्या की मशीन फिरायचं थांबतं.