पणजोबांचे चुलते मॉरिशसला गेले होते का, हे कसं शोधायचं?

रत्नागिरीकडचे तुमच्या पणजोबांचे चुलते उसाच्या मळ्यावर मॉरिशसला गेले असं घरात सांगतात, पण गिरमिटिये (करारावर परदेशी नेलेले मजूर) तर सगळे भोजपुरी, मग यात तथ्य आहे का, असं तुम्ही विचारलंय. तथ्य असू शकतं. 1842च्या कायद्याने कलकत्ता, मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही तिकडे मजूर पाठवायला परवानगी मिळाली. तिघांत मुंबईचा वाटा सर्वांत लहान, पण त्यात कोकणातली माणसं होती. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तिथे आहे. शाळांत मराठी शिकवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते.

घरात 'तिकडे बरं चाललं असेल' असं म्हणत असतील, तर तेवढं मात्र मनातून काढा. पगार महिन्याला साधारण पाच रुपये आणि वर शिधा. त्यात 'डबल कट' होता: एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची. म्हणजे तापाने दोन आठवडे पडलेला माणूस उरलेला महिना राबूनही जवळजवळ रिकाम्या हाताने उठायचा. करार संपल्यावरही सुटका नव्हती. 1867च्या कायद्याने अशा जुन्या मजुरांना फोटो लावलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे, नसला की अटक. 1871 मध्ये 9,401 जणांनी याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा कुठे चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं. पुढे 1912 मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ही पद्धतच बंद करा असा ठराव कायदेमंडळात मांडला. तो फेटाळला गेला आणि भरती थांबायला 1917 उजाडलं.

आता शोधाचं. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांच्या मूळ नोंदवह्या आहेत. त्यात नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव, जहाज, अंगावरची खूण असं सापडतं. आडनावाने शोधू नका, हात हलवत परत याल. कारकुनाने नुसतं नाव लिहून घेतलं, तेही त्याच्या कानाला ऐकू आलं तसं, आणि पुढच्या पिढीत तेच आडनाव झालं. म्हणून नाव मोठ्याने उच्चारून त्याची चार-पाच रोमन स्पेलिंगं करून पाहा. बरेच जण करार संपवून परतलेही होते, तेव्हा परतीची नोंदही बघा.

गावाचं जुनं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि गेल्याचं अंदाजे साल घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी विचारून घ्या. ते इथे लिहा, अर्ज कसा करायचा ते मी सांगतो.