दुसऱ्या मिस्त्रीने हात लावण्याआधी

प्रश्न : ठाण्यातील माझ्या सदनिकेचे न्हाणीघर आणि स्वयंपाकघर नव्याने करून घेण्यासाठी मी एका कंत्राटदाराला 6,40,000 रुपयांचे काम दिले. करारपत्र केले नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले कोटेशन तेवढे आहे. आतापर्यंत 4,60,000 रुपये दिले, त्यांपैकी 60,000 रोख. ओटा अर्धवट आहे, न्हाणीघराचे पाणी खालच्या घरात झिरपते आहे आणि दोन महिने तो फिरकलेला नाही. उलट जादा कामाचे 1,50,000 रुपये मागतो आहे. उद्यापासून दुसरा मिस्त्री बोलावला आहे. पोलिसांत तक्रार करावी का?

उत्तर : ताई, सर्वांत आधी त्या मिस्त्रीला फोन करून दोन-तीन दिवस थांबायला सांगा. पहिल्या कंत्राटदाराने काय केले आणि काय बिघडवले याचा तुमच्याकडचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे ते न्हाणीघरच आहे, आणि नवी लादी बसली की तो कायमचा झाकला जाईल. एखाद्या स्वतंत्र स्थापत्य अभियंत्याला बोलावून झालेल्या कामाची मोजमापे घ्या, न्हाणी ट्रॅपभोवतीची (पाणी वाहून जाण्याच्या जाळीखालील भांड्याभोवतीची) फट मोजपट्टी लावून तारखेसह छायाचित्रात टिपून घ्या आणि खालच्या घराच्या छतावरील ओल त्यांच्या परवानगीने नोंदवा. झालेल्या कामाचे मूल्य आणि दुरुस्तीचा अंदाजित खर्च असे दोन्ही आकडे अहवालात स्वतंत्र हवेत, कारण तुमच्या मागणीची रक्कम त्यांवरच ठरणार आहे. पुढे तक्रार करावी लागली तर ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या ग्राहक आयोगासमोरचे काम मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रांवर चालत असल्याने अभियंत्याचे शपथपत्रही घेऊन ठेवा.

मात्र अहवाल हाती आल्यावर दुरुस्ती लांबवू नका. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार, नुकसान कमी करण्याचे जे उपाय तुमच्या हाती होते तेही भरपाई ठरवताना विचारात घेतले जातात. शिवाय खालच्या कुटुंबाला होणारा त्रास खरा आहे आणि त्यांच्यापुरती जबाबदारी तुमची आहे, कंत्राटदाराकडे बोट दाखवून ती टळत नाही.

करारपत्र नाही म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. तोंडी करारही करारच असतो, आणि कोटेशन, बँकेतून गेलेल्या रकमा व त्यानंतर सुरू झालेले काम यांवरून तो सिद्ध करता येतो. व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण पुसू नका व फोन बदलू नका. ते पुराव्यात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक नोंदींसाठीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. रोख 60,000 रुपयांची पावती नसेल, तर ती रक्कम मिळाल्याचा उल्लेख असलेला त्याचा एखादा संदेश सापडतो का ते शोधा.

जादा कामाविषयी मात्र प्रांजळपणे आठवून पाहा. माळा किंवा जादा कप्पे तुम्ही तोंडी सांगून करून घेतले असतील, तर त्यांचे रास्त मूल्य द्यावे लागेल. अभियंत्याच्या मोजमापात तेही वेगळे दाखवून घ्या. जे काम तुम्ही सांगितले नाही आणि ज्याचा लाभही घेतला नाही, त्याचे पैसे देणे लागत नाही.

पोलिसांकडून फारशी अपेक्षा ठेवू नका. फसवणुकीच्या गुन्ह्यासाठी व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच अप्रामाणिक हेतू असल्याचे दिसावे लागते, आणि ज्याने निम्मेशिम्मे काम केले आहे त्याच्याबाबत ते दाखवणे अवघड असते. खरा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 चा आहे. प्रथम पंधरा दिवसांची मुदत देणारी नोटीस पोचपावतीसह टपालाने आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. तिने भागले नाही तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, मग कंत्राटदाराचे कार्यालय कुठेही असो. दिलेला मोबदला 5 लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. ‘पुढच्या आठवड्यात येतो’ या आश्वासनांवर ती घालवू नका.

नव्या मिस्त्रीशी मात्र लेखी करार करा. त्यात कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्याची रक्कम लिहा, आणि न्हाणीघरात 48 तास पाणी तुंबवून ठेवल्यावर खालचे छत कोरडे राहिल्याशिवाय शेवटचा हप्ता मिळणार नाही, अशी अट घाला.