गाठ निघेल, सिरॉसिस राहील

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय 61) हिपॅटायटिस बीमुळे सिरॉसिस झाला आहे. आता यकृतात 4 सेंटिमीटरची एक गाठ सापडली असून ती कर्करोगाची असल्याचे निदान झाले आहे. शस्त्रक्रियेनंतर ते किती वर्षे जगतील, याचे उत्तर प्रत्येक डॉक्टर वेगळे देतात. असे का?
– एक वाचक

उत्तर : कारण वडिलांना आजार एक नसून दोन आहेत. गाठ कापून काढता येते. सिरॉसिस, म्हणजे यकृतात व्रण साठून ते कडक होणे, मात्र उरलेल्या यकृतात तसाच राहतो. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारे द्रव्य), अल्ब्युमिन (यकृतात बनणारे प्रथिन), आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी), पोटातील पाणी आणि यकृतामुळे येणारी गुंगी या पाच गोष्टींवरून, यकृत कितपत काम करते हे सांगणारा ‘चाइल्ड-प्यू’ वर्ग ठरतो. वर्ग ‘ए’ (सर्वांत चांगला) असेल, गाठ एकच असेल आणि आतड्यांकडून यकृतात रक्त आणणाऱ्या पोर्टल शिरेतील दाब वाढलेला नसेल, तर अशा निवडक रुग्णांपैकी साधारण 60 ते 70 टक्के पाच वर्षांनंतरही हयात असतात. दाब वाढलेला असल्यास हा आकडा खाली येतो. घरच्या फाइलमधील प्लेटलेटचा आकडा पाहा : तो एक लाखाच्या खाली असेल, आणि सोबत प्लीहा वाढलेली किंवा अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या असतील, तर दाब वाढलेला आहे असे धरून चालावे. सिरॉसिस झालेले यकृत निरोगी यकृतासारखे झपाट्याने भरून येत नाही, म्हणून सर्जन त्याचा किमान 40 टक्के भाग मागे राहील असे पाहतात.

शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी पाच वर्षांत सुमारे 70 टक्के रुग्णांमध्ये गाठ पुन्हा उद्भवते. पहिल्या दोन वर्षांतील गाठ बहुधा जुन्याच कर्करोगाची असते, तर त्यानंतरची बरेचदा सिरॉसिसमधून नव्याने उगवलेली असते. टाके निघाले की घरचे निर्धास्त होतात, हे मला नेहमी खटकते. सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन आणि एएफपी (यकृताच्या कर्करोगाचा माग काढणारी रक्तचाचणी) चुकवू नये, आणि हिपॅटायटिस बीवरील एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर स्वतःहून कधीही बंद करू नये.

यकृत प्रत्यारोपणात गाठ आणि सिरॉसिस दोन्ही जातात. 1996 मध्ये मांडलेल्या ‘मिलान’ निकषांनुसार 5 सेंटिमीटरपर्यंतची एक, किंवा प्रत्येकी 3 सेंटिमीटरपर्यंतच्या जास्तीत जास्त तीन गाठी यासाठी चालतात. कर्करोग मोठ्या रक्तवाहिनीत किंवा यकृताबाहेर गेलेला नसावा. आकाराने वडिलांची गाठ या निकषात बसते. दाता मिळणे आणि जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणे, ही त्यातील अडचण. तेव्हा सर्जनना आधी चाइल्ड-प्यू वर्ग आणि पोर्टल दाब विचारा, आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरण्यापूर्वी प्रत्यारोपण करणाऱ्या तज्ज्ञांचे मतही घ्या.